प्रकाशाचा चौरस्ता

दोन माणसांना दुरून एकमेकांशी बोलावयाचे असेल, तर त्यांच्या दरम्यान एक तार पुरते. तीन माणसांना तीन तारा लागतात, चौघांना सहा. येथपर्यंत हिशेब सोपा आहे. परंतु शंभर माणसांपैकी कोणालाही कोणाशीही बोलता यावे असे ठरवून प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र तार ओढावयाची म्हटले, तर ४,९५० तारा लागतील. हजार माणसांसाठी हाच आकडा ४,९९,५०० वर जातो. एखाद्या लहानशा गावावरदेखील तारांचे छत पसरेल आणि त्यांतील बहुतेक तारा बहुतेक वेळ मुक्याच राहतील. यावर उपाय एकच. सर्व तारा एका ठिकाणी आणावयाच्या आणि ज्याला ज्या वेळी ज्याच्याशी काम असेल, त्या दोघांना तेवढ्यापुरते तेथे जोडून द्यावयाचे. गावाचे रस्ते चौकात मिळतात, तशा या तारा एका चौकात मिळतात.

दूरध्वनीचा जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या दूरध्वनीला उपयोगी बनविणाऱ्या या चौकाची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. तारांच्या या चौकाचे आजचे रूप म्हणजे प्रकाशतंतूंचा मॅट्रिक्स स्विचर. अनेक तंतूंतून येणाऱ्या प्रकाशाला हव्या त्या तंतूकडे वळवून देणारे हे यंत्र आहे. त्याचे गुण कोणते आणि त्याच्यावर भरवसा किती ठेवावा, हे समजून घ्यावयाचे तर त्याच्या पूर्वजांकडे पाहिले पाहिजे. कारण या यंत्राने जे काही शिकून घेतले आहे, ते पूर्वजांच्या चुकांतूनच होय.

व्यापारी तत्त्वावर चालणारा पहिला असा चौक २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन या गावी उघडला. जॉर्ज कॉय या गृहस्थाने तो बांधला. त्याचे साहित्य पाहिले तर हसू येईल: गाडीचे बोल्ट, चहाच्या किटलीच्या झाकणांच्या मुठी आणि स्त्रियांच्या घेरदार पोशाखांतील तार! वर्गणीदार होते एकवीस. पण या फळीवर एका वेळी दोनच संभाषणे चालू शकत. तिसऱ्या जोडीला बोलावयाचे असेल, तर माणसे मोकळी असूनही चौक भरलेला असे. ज्याच्याशी बोलावयाचे तो मोकळा आहे, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट मात्र मोकळी नाही, ही अडचण चौकाच्या जन्माबरोबरच जन्मली आणि पुढील शंभर वर्षांतील बहुतेक सर्व संशोधन तिच्याभोवती फिरत राहिले. हिंदुस्थानात चारच वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनीची एक्स्चेंजे सुरू झाली.

त्या काळी चौकातील काम माणसाच्या हाताने होई. वर्गणीदाराने हँडल फिरवावे, फळीपाशी बसलेल्या ऑपरेटरने क्रमांक विचारावा आणि दोरीच्या टोकाची खुंटी योग्य भोकात बसवावी. या हातांत एक मोठा गुण होता. चूक झाली तर ते ती ओळखत, सुधारीत आणि अडल्यानडल्याला तत्परतेने साहाय्यही करीत. पण हात थकतात, आणि हाताला आवडनिवडही असते. कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्रोजर यांना या दुसऱ्या गोष्टीचा फार संशय होता. त्यांचा धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा. आपल्याकडे येणारे दूरध्वनी ऑपरेटर आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, अशी त्यांची समजूत झाली होती, असे सांगतात. ती खरी असो वा खोटी, तिच्यातून निघालेले यंत्र मात्र खरे होते. १० मार्च १८९१ रोजी त्यांना स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. वर्गणीदाराने पाठविलेल्या विद्युत्स्पंदांनिशी एक दांडा पायरीपायरीने वर चढे आणि मग आडवा फिरून हव्या त्या संपर्कबिंदूवर थांबे. हिंदुस्थानातील पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३–१४ मध्ये सिमल्यास बसले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगलोर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला आणि स्ट्रोजर पद्धतीची सामग्री या देशातच होऊ लागली.

स्ट्रोजरचे यंत्र निःपक्षपाती होते, पण ते फार हलत असे. जे हलते ते झिजते. म्हणून कमीत कमी हालचाल करणारा चौक कसा बांधावा, हा विचार पुढे आला. १९२६ मध्ये स्वीडनमधील सुंड्सवाल येथे क्रॉसबार पद्धतीचे पहिले मोठे एक्स्चेंज सुरू झाले. हातमागावर उभे आणि आडवे धागे असतात, तशी त्याची मांडणी असते. आडव्या पट्ट्या येणाऱ्या मार्गांच्या, उभ्या पट्ट्या जाणाऱ्या मार्गांच्या. जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे स्पर्शबिंदू असतो. तो मिटला की ते दोन मार्ग जोडले गेले. यालाच गणिती भाषेत मॅट्रिक्स म्हणतात. मॅट्रिक्स स्विचर हे नाव येथूनच आले आहे.

या मांडणीत प्रत्येक छेदबिंदूला किंमत पडते. शंभर येणारे आणि शंभर जाणारे मार्ग असले तर दहा हजार बिंदू लागतात. दहा हजार मार्गांसाठी ते दहा कोटी होतात. बिंदू वाचवावे तर वाट अडते, वाट मोकळी ठेवावी तर खर्च अफाट वाढतो, अशी ही कोंडी होती. १९५३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी ती एका निबंधाने फोडली. त्यांची युक्ती अशी की, एक प्रचंड जाळे न विणता लहान लहान जाळ्यांच्या तीन रांगा कराव्यात. पहिल्या रांगेतील प्रत्येक जाळ्यात दहा मार्ग येतात असे धरू. नव्याने येणाऱ्या एका मार्गाला वाट हवी आहे. त्याच्याच जाळ्यातील उरलेल्या नऊ मार्गांनी फार तर नऊ मधली जाळी अडविली असतील. ज्या जाळ्याकडे जावयाचे आहे, तेथील उरलेल्या नऊ मार्गांनी आणखी नऊ. म्हणजे वाईटात वाईट प्रसंगी अठरा वाटा बंद. मग मधल्या रांगेत एकोणीस जाळी ठेवली की झाले! एकोणिसावी वाट नेहमी मोकळीच सापडेल. या मांडणीत शंभर मार्गांसाठी दहा हजारांऐवजी ५,७०० बिंदू पुरतात आणि दहा हजार मार्गांसाठी दहा कोटींऐवजी ५९ लक्ष ७० हजार. न्यू हेवनच्या फळीवर तिसऱ्या जोडीची जी अडचण झाली होती, तिचे हे उत्तर पंचाहत्तर वर्षांनी मिळाले, आणि ते होते बरोबर एका जास्तीच्या वाटेचे.

असा चौक केवळ दूरध्वनीलाच लागतो असे नाही. नभोवाणीच्या प्रत्येक केंद्रात तो असतो. भाषण एका स्टुडिओत, गायन दुसऱ्यात, बातम्या दिल्लीहून येणाऱ्या मार्गावर, नाट्यगृहातील कार्यक्रम आणखी एका तारेवर. या सर्वांतून नेमका हवा तो स्रोत नेमक्या सेकंदाला प्रक्षेपकाकडे सोपवावयाचा असतो. येथील गरज मात्र दूरध्वनीहून वेगळी आहे. दूरध्वनीत एकाला एकाशी जोडावयाचे. ध्वनिक्षेपणात एकच स्रोत एका वेळी अनेकांना द्यावा लागतो: प्रक्षेपकाला, मुद्रणकक्षाला, देखरेख करणाऱ्या अभियंत्याच्या कानाला आणि सहक्षेपण करणाऱ्या दुसऱ्या केंद्रालाही. दूरचित्रवाणीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. एक चित्र संपून दुसरे सुरू होण्याच्या अत्यल्प अवकाशातच जोड बदलावी लागते, नाही तर पडद्यावर झटका दिसतो. दूरध्वनी तुटला तर बोलणारा पुन्हा क्रमांक फिरवितो. ध्वनिक्षेपण तुटले तर लाखो श्रोत्यांना एकाच क्षणी शांतता ऐकू येते. वादळाची वा पुराची सूचना त्याच क्षणी द्यावयाची असली, तर त्या शांततेची किंमत फार मोठी होते.

हे सर्व तांब्याच्या तारेवर चालले होते, तोच तिची जागा घेणारी काच तयार होत होती. प्रकाश वाकड्या वाटेने नेता येतो, हे पाण्याच्या धारेच्या साहाय्याने दानिएल कोलादों यांनी १८४१ च्या सुमारास जिनिव्हा येथे आणि जॉन टिंडल यांनी १८५४ मध्ये लंडन येथे दाखविले होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह लंडनच्या इंपीरियल कॉलेजात काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेण्यात यश मिळविले. त्यांचा निबंध जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. परंतु त्या वेळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विझून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की, दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धीचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश जरी उरला, तरी तंतू संदेशवहनास उपयोगी पडेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तिघा शास्त्रज्ञांनी ही मर्यादा ओलांडली. आजच्या उत्तम तंतूत प्रकाश निम्मा होण्यास सुमारे पंधरा किलोमीटर जावे लागते. भारतात दूरध्वनी एक्स्चेंजे जोडण्यासाठी पहिला प्रकाशतंतू १९७९ मध्ये पुणे शहरात कार्यान्वित झाला, ही गोष्ट महाराष्ट्रास विशेष अभिमानास्पद आहे.

वाट काचेची झाली, तरी चौक तांब्याचाच राहिला होता. तंतूतून आलेल्या प्रकाशाचे प्रथम विद्युत्संदेशात रूपांतर करावयाचे, तो संदेश जाळ्यातून हव्या त्या दिशेला वळवावयाचा आणि पुन्हा लेसरने त्याचा प्रकाश करावयाचा, ही पहिल्या प्रकारच्या स्विचरची रीत. तिच्यात लाभ असा की, वाटेत फिका पडलेला संदेश चौकात पुन्हा ताजा होतो आणि पुढे निघतो. तोटा असा की, प्रत्येक मार्गास दोन रूपांतरे, अधिक भाग, अधिक उष्णता. आणि संदेशाची गती उद्या वाढली तर जुना चौक निरुपयोगी.

दुसऱ्या प्रकारात प्रकाश प्रकाशच राहतो. तंतूतून निघालेला किरण एका अतिसूक्ष्म आरशावर पडतो, आरसा किंचित कलतो आणि किरण ठरलेल्या तंतूत शिरतो. येथे संदेश कोणत्या गतीने चालला आहे, तो आवाजाचा आहे की चित्राचा, याची आरशाला पर्वा नसते. म्हणून दोन्ही टोकांची यंत्रे बदलली, तरी मधला चौक तोच राहू शकतो. मात्र येथे फिका किरण ताजा होत नाही. उलट या वळणात प्रकाशाचा काही भाग गळतो. शिवाय आरसा वळण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. दोन्ही प्रकारांना एक गुण समान आहे. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे शेजारच्या यंत्रांचा गुणगुणाट तंतूत शिरत नाही आणि कडाडलेल्या विजेचा लोंढा तंतूतून स्टुडिओपर्यंत येत नाही.

परंतु गुणांची यादी म्हणजे भरवसा नव्हे. भरवसा म्हणजे काय, याची चाड एक्स्चेंजे बांधणाऱ्यांना पूर्वीपासून होती. १९६५ मध्ये न्यू जर्सीतील सकासना येथे बेल कंपनीचे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा अधिक वेळ ते बंद पडू नये, असे उद्दिष्ट त्याच्या रचनेसाठी ठेवले होते. वर्षाला हा हिशेब अवघा तीन मिनिटांचा येतो. तो साधण्यासाठी एक सोपा नियम आहे: महत्त्वाचे सर्व काही दुहेरी ठेवावे. शंभरातून एकदा दगा देणारे यंत्र एकटे असेल तर ते कच्चे. तशीच दोन यंत्रे परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी दगा देण्याचा प्रसंग दहा हजारांत एकदाच येतो. या वाक्यातील ‘परस्परांपासून स्वतंत्र’ हे शब्द किती मोलाचे आहेत, हे दोन अपघातांनी शिकविले.

पहिला अपघात ८ मे १८८८ चा नव्हे, १९८८ चा. म्हणजे तंतूंच्या युगातला. शिकागोजवळील हिन्सडेल येथील एक्स्चेंजला त्या दिवशी आग लागली. रविवार होता, इमारतीत कोणी नव्हते. धोक्याची घंटा वाजली ती दूरच्या दुसऱ्या शहरात. सुमारे पस्तीस हजार वर्गणीदारांचे दूरध्वनी मुके झाले. परंतु आसपासच्या अनेक एक्स्चेंजांची वाहतूकही याच इमारतीतून जात असल्यामुळे नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. शिकागोच्या विमानतळांच्या कामातही व्यत्यय आला. सेवा पूर्ववत होण्यास आठवड्यांमागून आठवडे गेले. हजारो तारांचे काम चार तंतू करू लागले, यात कौतुक होते. पण त्याच कौतुकात धोकाही दडला होता. चौक जितका मोठा, तितके त्याचे पडणे मोठे. दोन वाटा एकाच छपराखालून जात असतील, तर आगीच्या दृष्टीने ती एकच वाट असते.

दुसरा अपघात १५ जानेवारी १९९० चा. त्यात आग नव्हती, धूर नव्हता, एकही तार तुटली नव्हती. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीच्या न्यूयॉर्क येथील एका एक्स्चेंजला स्वतःत किरकोळ बिघाड आढळला. नियमाप्रमाणे ते काही सेकंद थांबले, पुन्हा सुरू झाले आणि शेजाऱ्यांना आपण परत आल्याचे त्याने कळविले. पण आज्ञावलीत नुकताच जो बदल केला होता, त्यात एक चूक राहून गेली होती. असा निरोप हाताळीत असतानाच लगोलग दुसरा आला, की शेजारचे एक्स्चेंज गोंधळून स्वतःच थांबे. आणि सावरून उठताच तेही आपल्या शेजाऱ्यांना निरोप पाठवी. अशा रीतीने देशभरातील ११४ एक्स्चेंजे एकमेकांना आडवी पाडीत सुमारे नऊ तास धडपडत राहिली आणि कोट्यवधी हाका पोहोचल्याच नाहीत. प्रत्येक ठिकाणी राखीव संगणक होताच. पण मुख्य संगणकाला जी चूक शिकविली होती, तीच राखीवालाही शिकविली होती. जुळ्या भावांना एकच रोग व्हावा, तसा हा प्रकार झाला.

चांगला प्रकाशतंतू स्विचर पारखताना आज जे प्रश्न विचारतात, त्यांच्यामागे हा इतिहास उभा आहे. त्याला वीजपुरवठा दुहेरी आहे काय, आणि ते दोन पुरवठे खरोखरच निरनिराळ्या ठिकाणांहून येतात काय? बिघडलेला भाग यंत्र चालू असताना काढून नवा बसविता येतो काय? हुकूम देणारा संगणक बंद पडला, तर आधी जोडलेल्या वाटा तशाच राहतात काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. काही स्विचरांत आरसे विजेच्या दाबावर तोलून धरलेले असतात. वीज गेली की आरसे मूळ जागी येतात आणि वाटा सुटतात. काहींत एकदा बसविलेली जोड खिट्टीसारखी अडकून राहते आणि वीज गेली तरी सुटत नाही. ध्वनिक्षेपणाच्या केंद्राला हा फरक अनुभवाने कळण्यापेक्षा आधीच कळलेला बरा. शिवाय प्रत्येक मार्गातील प्रकाश किती आहे, हे सतत मोजणारी सोय हवी. म्हणजे वाट पुरती अंधारण्यापूर्वी ती फिकी पडत असल्याचे समजते. बहुतेकदा त्याचे कारण क्षुल्लक असते. दूर पल्ल्याच्या तंतूचा गाभा सुमारे नऊ मायक्रॉनांचा, म्हणजे केसाच्या जाडीचा लहानसा अंश. त्याच्या तोंडावर बसलेला धुळीचा एक कणही प्रकाश अडवावयास पुरतो.

धुळीचा उल्लेख आला म्हणजे भारतातील एका प्रयोगाची आठवण होणे साहजिक आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ मार्गांचे लहान एक्स्चेंज तयार केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते बसविण्यात आले. वातानुकूलित खोलीवाचून, येथल्या उन्हात आणि येथल्या धुळीत ते चालावे, हा त्याच्या रचनेतील मुख्य हेतू होता. थंड देशातील प्रयोगशाळेत मोजलेला भरवसा जसाच्या तसा दख्खनच्या उन्हाळ्यात लागू पडत नाही, हे या लहानशा यंत्राच्या रचनाकारांनी ओळखले होते.

आरशांच्या चौकाला मात्र उदयास येण्यापूर्वी एकदा अस्त पाहावा लागला. अमेरिकेच्या ल्यूसेंट कंपनीने २००० च्या सुमारास २५६ मार्ग येणारे आणि तितकेच जाणारे असे आरशांचे यंत्र मोठ्या गाजावाजाने बाजारात आणले. पण दूरसंचार व्यवसायात मंदी येताच दोन-तीन वर्षांतच ते मागे पडले. यंत्र चांगले असून काळ अनुकूल नव्हता. पुढे ती कल्पना निराळ्या घरी रुजली. गूगलने आपल्या महासंगणकासाठी १३६ मार्गांचे आरशांचे स्विचर तयार केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार त्या संगणकात ४,०९६ गणकचिपा असून, त्या चौसष्टांच्या गटांनी मांडून ४८ स्विचरांनी जोडल्या आहेत. एखादा गट बिघडला, तर आरसे वळवून त्याच्या जागी दुसरा चांगला गट घेता येतो आणि काम पुढे चालू राहते. क्लॉस यांच्या एकोणिसाव्या वाटेचेच हे नवे रूप आहे.

चहाच्या किटलीच्या मुठींपासून सूक्ष्म आरशांपर्यंतचा हा प्रवास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. प्रत्येक पिढीने चौकातील एक दोष काढला आणि बहुधा एक नवा आत आणला. माणसाच्या हाताचा पक्षपात गेला, यंत्राची झीज आली. झीज गेली, तेव्हा सर्वांची एकदमच चुकणारी आज्ञावली आली. न मोडणारे यंत्र अद्याप कोणी बांधलेले नाही. भरवसा उत्पन्न होतो तो मोडल्यावरही चालता येईल अशी निराळी वाट मोकळी राखण्यातून, आणि ती वाट खरोखर मोकळी आहे याची नियमाने खातरी करून घेण्यातून. म्हणूनच दक्ष केंद्रांतील अभियंते सर्व काही सुरळीत चालू असतानाही, रात्रीचे प्रक्षेपण संपल्यानंतरच्या शांत वेळी, राखीव मार्गावरून संदेश सोडून पाहतात. श्रोत्यांना त्याची वार्ताही नसते. सकाळी ठरल्या वेळी आवाज येतो, एवढेच त्यांना ठाऊक असते.